अमावास्येचा फोन

गॉलवेतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मी पहिल्याच वर्षी आरतीच्या वेळी खुर्चीवर बसून राहिले. आरतीचं ताट फिरत माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी ते नुसतं हातात घेतलं आणि पुढच्या माणसाकडे दिलं. शेजारी पुण्याच्या एक काकू होत्या. त्यांनी वाकून हळूच विचारलं, "अडचण आहे का गं?"

"नाही काकू. मी देव मानत नाही."

त्या समजूतदारपणे हसल्या. "परदेशात आल्यावर होतं असं काहीजणांचं. मुलंबाळं झाली की येशील ताळ्यावर."

मी मोदक खाल्ला आणि घरी आले. देव सोडण्यासाठी मला आयर्लंडला यावं लागलं नव्हतं. पाचवीत असताना, डिंभ्याच्या धरणाच्या काठावर, ताईचे कोरडे कपडे हातात धरून उभी असतानाच तो माझ्यापुरता संपला होता. हे काकूंना सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि प्रसादाच्या रांगेत ते जमत नाही.

आमचं गाव महाळुंगे पडवळ. ताई माझ्याहून बरीच मोठी होती. बारावीला होती तेव्हा एकदा आम्ही सगळे शेडमध्ये कांद्याची पात काटत बसलो होतो. ती बसल्या जागी आडवी झाली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. कुणीतरी नाकाला चप्पल लावली. मंचरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, हे फेफरं आहे, पुण्याला न्या, गोळ्या लागतील, पोरगी चांगली राहील. वडील घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर कुठं पळून जात न्हाई. आधी घरचं बघू."

घरचं म्हणजे देवऋषी. डिंभ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत तो बसायचा. केस वाढवलेले, कपाळभर भंडारा, असं त्याचं काही नव्हतं. पांढरा धुतलेला शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, आणि शाळामास्तरासारखा मऊ आवाज. लोक त्याला बाबा म्हणत. त्याने ताईच्या डोळ्यांत बघितलं आणि सांगितलं की पोरीला आसरांनी धरलंय. पाण्यातल्या बायका. त्यांचं त्यांना पाण्यातच परत द्यायचं. पाच अमावास्या, दिवस उगवायच्या आत, धरणाच्या फुगवट्यात कमरेएवढ्या पाण्यात तिने एकटीने उतरायचं. घरच्यांनी काठावर पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं. ती हाक मारीपर्यंत कुणी वळून बघायचं नाही. तिनेही मागे बघायचं नाही.

दोन अमावास्या झाल्या. तिसरीला वडिलांबरोबर मी गेले होते. ताई पाण्यात उतरताना म्हणाली, "लई गार हाय." तेवढंच. मग पाणी हलल्याचा आवाज आला. नुसतं पाय टाकल्यावर हलतं तसं. मग जोरात हललं, जनावर पाण्यात पडल्यावर हलतं तसं. मी मान वळवली. वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून ती सरळ केली. "बघू नको, बाय. तिचं वाईट व्हईल."

मग पाणी थांबलं. आम्ही तसेच उभे राहिलो, ती हाक मारील म्हणून.

जाळी टाकायला आलेल्या दोघांनी तिला बाहेर काढलं. तोवर चांगलं उजाडलं होतं. देवऋषीला निरोप गेला. तो आला, धोतराचा सोगा हातात धरून ओल्या काठावर जपून पावलं टाकत आला, ताईकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "पोरीनं मागं वळून पाह्यलं असंल."

गावाने ते वाक्य उचललं. दहाव्याला आलेले पाहुणे तेच बोलत होते. वडील मरेपर्यंत तेच बोलले. त्यांना ते बोलावं लागत होतं, नाहीतर त्यांच्या पाठीमागे काय झालं याचा विचार करावा लागला असता. वडिलांना मी माफ केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. देवऋषीचं मात्र ठरलेलं होतं. त्याला कधीतरी, त्याच्या गादीवर, त्याच्या माणसांसमोर गाठायचा. एवढ्यासाठी मी नर्सिंगला गेले असं म्हणणं खोटं होईल, पण गॉलवेच्या हॉस्पिटलात मेंदूच्या आजारांचा वॉर्ड मी मागून घेतला हे खरं आहे. तिथे फेफरं येणाऱ्या माणसांना सकाळ-संध्याकाळ इवल्याशा प्लास्टिकच्या कपातून गोळी द्यायची असते. ती गिळून ती माणसं नोकरीला जातात, लग्नं करतात, भांडतात. प्रत्येक कप देताना माझ्या दातांवर दात बसायचे. सोबतच्या केरळच्या मुली म्हणायच्या, तुला जबडा दुखतो का.

गणपतीनंतर काही दिवसांनी तिथल्या वाचनालयात भिंतीवर एक कागद दिसला. देव न मानणाऱ्यांच्या गप्पा, दर रविवारी सकाळी, चहा आहे. जागा सायकलच्या दुकानावरची खोली. वेळ मुद्दाम चर्चच्या प्रार्थनेची ठेवली होती. हे ज्याने ठेवलं त्याच्या मनात काहीतरी धुमसतंय असं वाटलं, म्हणून मी गेले.

पहिले एक-दोन रविवार माझी निराशा झाली. तरुण मुलं विश्व कसं सुरू झालं यावर बोलायची. साखर सोडावी तसा त्यांनी देव सोडला होता, तब्येतीसाठी. त्यातल्या एकाचंही माणूस गेलं नव्हतं. पण तो कागद लावणारी म्हातारी त्यांच्यातली नव्हती. ती लग्नाआधी आई झाली होती आणि नन्सनी, म्हणजे तिकडच्या मठातल्या बायकांनी, तिचं मूल तिच्याजवळून नेऊन कुणाला तरी देऊन टाकलं होतं. ते पुढे कधीच सापडलं नाही. ते नेताना ज्या पाद्र्याने तिला समजावलं, तो अजून जिवंत होता आणि ती त्याच्याच गल्लीत मुद्दाम घर घेऊन राहत होती. रोज सकाळी तो दार उघडून बाहेर आला की ती आपल्या पायरीवर उभी असायची. बोलायची नाही. नुसती बघायची.

मी विचारलं, "त्याने काय होतं?"

"तो आता मागच्या दाराने जातो," ती म्हणाली. "मागे चिखल असतो."

त्या दिवसापासून मी रविवार चुकवला नाही. तिला मी ताईचं सांगितलं. तिने मला मिठी मारली नाही की सोडून दे म्हटलं नाही. तिने विचारलं, "तो जिवंत आहे?"

"आहे."

"मग घाई कर. म्हातारे मरून सुटतात."

पुढच्या उन्हाळ्यात तिथे एक नवा माणूस आला. पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करणारा, उन्हावाऱ्याने रापलेला. ओळख करून देताना मी इंग्रजीत सांगितलं, पुण्याजवळची. तो खोलीच्या त्या टोकाकडून मराठीत म्हणाला, "पुण्याजवळ म्हंजी कुठं?"

"आंबेगाव तालुका."

"म्हंजी आपलंच की. मी डिंभ्याकडचा."

बाकीचे आमच्याकडे बघत राहिले. मला काय झालं हे सांगणं अवघड आहे. इतके महिने मी त्या खोलीत देव नाही हे इंग्रजीत म्हणत होते, आणि इंग्रजीत ते नुसतं मत असतं. त्याने चहाचा कप हातात घेऊन "देवबिव काय नसतंय राव" म्हटलं तेव्हा मला आमच्या गावच्या पाराजवळ बसल्यासारखं वाटलं. आम्ही त्या दिवशी खूप वेळ बोललो. घोडेगावचा बाजार, कधी येईल त्याचा नेम नसलेली डिंभ्याची एसटी, उसात निघणारे बिबटे. देवावर बोलायची गरजच पडली नाही, कारण ते दोघांचंही ठरलेलं होतं.

पुढच्या रविवारी मी त्याला घरी जेवायला बोलावलं आणि मासवडी केली. त्याने रस्सा ओतून घेतला, एक घास खाल्ला आणि डोळे मिटून बसला. मग जेवता जेवता मी सहज विचारलं, तुझा देव कसा सुटला.

"घरातच बघितला ना," तो म्हणाला. "माझं वडील देवरशी हायेत."

मी वाडीचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. मी रश्श्याचं पातेलं गॅसवर परत ठेवलं, कारण मला त्याच्याकडे पाठ करायची होती. तो बोलतच होता. इतक्या वर्षांनी मराठीत बोलायला मिळालेला माणूस थांबत नाही.

"माझ्या थोरल्या बहिणीला फिट यायची. दुसऱ्या कुणाच्या पोरीला आली की आसरा, झोटिंग, मुंजा. तिला आली तर बाबांनी दुसऱ्याच दिवशी पुण्याला नेलं. मोठ्या डॉक्टरकडं. गावात सांगायचं, मावशीकडं गेली. आई गोळी चुरून गुळात द्यायची. आजून चालू हाय गोळी. लग्न झालं, दोन पोरं हायेत तिला."

मी गोळीचं नाव आणि मात्रा विचारली, त्याने सांगितली. "कधीपासून?" मी विचारलं.

"धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं त्या साली. आमची खालची खाचरं त्याच साली गेली, म्हणून ध्यानात हाय."

म्हणजे ताईच्या आधी. कितीतरी आधी. ताईच्या डोळ्यांत बघून आसरा म्हणाला तेव्हा त्या माणसाच्या स्वतःच्या घरात, गुळाच्या डब्याशेजारी, ताईचं औषध होतं.

तोवर माझी समजूत होती की तो अडाणी आहे, आणि माझा राग अडाण्यावरचा राग होता. त्या दुपारी तो बदलला. मी गॅस बंद केला, त्याच्यासमोर येऊन बसले आणि सांगितलं की फुगवट्यात एक पोरगी बुडाली होती, ती माझी बहीण.

त्याने हातातला घास ताटात ठेवला. ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "एक पोरगी गेल्याचं आठवतंय. बाबांनी दोन-तीन महिनं गादी बंद ठेवली व्हती. नंतर परत बसायला लागलं."

"मला हे तिथे जाऊन सांगायचंय. सगळ्यांसमोर."

"बाबांचं काय करायचं ते कर. पण बहिणीचं नाव घेऊ नको. तिच्या सासरी ठाऊक नाय. लग्नात सांगितलंच नव्हतं."

मी कबूल केलं नाही. त्याला दारापर्यंत सोडायलाही गेले नाही. त्याची बहीण वाचली होती, माझी नाही, आणि त्या दिवशी मला तिचा संसार राहतो की मोडतो याची पर्वा नव्हती. तिचा फोटो मिळवायचा, व्हिडिओ करायचा, तालुक्यातल्या प्रत्येक मोबाइलवर जाईल असा सोडायचा, हे सगळं मी ठरवलं. म्हातारीला सांगायला गेले. वाटलं, ती खूश होईल.

तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "त्याला मार. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईला का मारतेस? माझं मूल नेलं तेव्हा तेही असंच म्हणाले होते, एका मुलीचं वाटोळं झालं तर चालेल, मोठ्या कामासाठी आहे."

मला ते आवडलं नाही. पण घरी चालत येताना माझ्या लक्षात आलं की याहून चांगला उपाय आहे, आणि तो त्याला जास्त लागेल.

थंडीत रजा घेऊन गावी आले. आईला खोटं सांगितलं, जुन्नरला मैत्रिणीकडे जाते. अमावास्या होती. वाडीत वडापच्या जीपा लागल्या होत्या, नारळ-लिंबवाले बसले होते, स्पीकरवर भजनं लावलेली होती. मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे दोघी होत्या. आई आणि मुलगी, येडगावकडच्या. मुलीचे केस मोकळे सोडलेले, कोपराला पडून झालेली जखम, जिभेच्या कडेला चावल्याची खूण. तिने तोंड उघडलं तेव्हा मी ती बघितली. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून येतंय हिला?" मी आईला विचारलं.

"दिवाळीपासून, ताई. बाबांचं लई नाव ऐकलंय."

आत देवऋषी बसला होता. म्हातारा झाला होता, मान बारीक झाली होती, पण शर्ट तसाच पांढरा. त्या दोघी त्याच्यापुढे बसल्या. त्याने मुलीच्या डोळ्यांत बघायला मान पुढे केली, तेव्हा मी रांग सोडून गेले आणि त्याच्या गादीला लागून बसले. लोकांना वाटलं, बाई झपाटलेली आहे. कुणी अडवलं नाही.

मी त्याच्या कानाजवळ तोंड नेलं. "फुगवट्यात बुडाली त्या पोरीची मी धाकटी बहीण. महाळुंग्याची."

त्याने मान वळवली नाही. "मग?"

मी गोळीचं नाव सांगितलं. त्याच्या मुलीची गोळी, तिची मात्रा आणि ती कशात चुरून द्यायचे तेही.

त्याच्या मांडीवरचा हात हलायचा थांबला. "कुनी सांगितलं?"

"तुमच्याच रक्तानं. समोर माइक आहे. मी पण लोकांना सांगू शकते. नाहीतर तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"ही पोरगी डॉक्टरकडे न्यायची. आणि माझ्या बहिणीनं मागं बघितलं नव्हतं. दोन्ही तुमच्या तोंडानं. देवाच्या आवाजात."

"माझी लेक नांदती हाय, बाय," तो पुटपुटला. "तिचं वाटुळं नको करू."

"माझीही नांदली असती."

मी त्याच्या मुलीचं नाव घेणार नव्हते. ते मी विमानात बसायच्या आधीच ठरवलं होतं. पण ते त्याला माहीत नव्हतं, आणि ते त्याला माहीत नसणं यातच माझी सगळी मजा होती. त्याच्या कपाळावर घाम आला. समोरची बाई हात जोडून बसली होती. सगळी खोली वाट बघत होती. त्याने डोळे मिटले, अंगात आणलं, मान घुमवली आणि मऊ आवाज टाकून देवाचा जाड आवाज काढला. "हे माझ्या हातातलं न्हाई. पोरीला पुण्याला न्या. मोठ्या डाक्टरला दावा. गोळी चुकवू नका. चुकवली तर माझ्याकडं येऊ नका."

आईने त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मी अगदी जवळून त्याच्याकडे बघत होते. त्याची बुबुळं मिटल्या पापण्यांखाली इकडेतिकडे होत होती. इतकं समाधान मला आयुष्यात कशानेच मिळालेलं नाही, नोकरीने नाही, घर घेतल्याने नाही.

"दुसरं," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. "ते न्हाई."

"का?"

"ते म्हटलं तर मी काय ऱ्हातो?"

मी माइककडे बघितलं. तोही बघत होता. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बंद झालं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की हे म्हणण्यापेक्षा तो लेकीचं मोडू देईल. मी उठले. जाताना सांगितलं, "दर अमावास्येला मी फोन करीन. फेफऱ्याची किती माणसं आली आणि कुठे पाठवली ते सांगायचं. एक जरी पाण्यात उतरवली, तर मी येईन."

आईला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने भाकरी थापणं थांबवलं नाही. "त्याला हे ठाऊक व्हतं?" एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने देव्हाऱ्यातला त्याने दिलेला ताईत काढून चुलीत टाकला. बाकीचे देव तसेच ठेवले.

गॉलवेहून मी फोन करायला लागले. गॉलवेत सकाळ, वाडीत दुपार. तो उचलायचा. "आली व्हती दोन. धाडली पुण्याला." कधी म्हणायचा, "पुरं कर आता, पोरी." मी म्हणायचे, "दुसरं सांगितलंत का?" तो गप्प बसायचा, आणि मी त्याचा श्वास ऐकत राहायचे. जो देव लोकांना डॉक्टरकडे पाठवतो त्याच्याकडे लोक कशाला येतील. गर्दी आटली. जीपा दुसऱ्या वाडीतल्या दुसऱ्या बाबाकडे वळल्या, हे मला ठाऊक आहे. तो माझा नव्हता.

त्याच्या मुलाला हे कळलं तेव्हा तो बरेच दिवस सायकलच्या दुकानावर आला नाही. नंतर एक दिवस आला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला. "बहिणीचं नाव घेतलं नाय, तेवढं बरं केलंस," तो म्हणाला. मग आम्ही बिबट्यांवर बोललो. आता तसंच बोलतो. मासवडी मात्र मी परत केली नाही.

काही महिन्यांपूर्वी एका अमावास्येला फोन एका बाईने उचलला. "बाबांना आता ऐकू येत नाय," ती म्हणाली. "मी त्यांची थोरली. अमावास्येला इथंच येऊन बसते. भावानं मला सगळं सांगितलंय. कुनी फेफऱ्याचं आलं तर मीच सांगते की मी बी गोळी खाते. सासरी सांगून टाकलं. चार दिवस भांडले, मग गप बसले."

चांगलंच झालं होतं, ते मला कळत होतं. तरी कुणीतरी माझ्या हातातला माणूस सोडवून नेला असं वाटलं. इतकी वर्षं जपलेला माणूस.

"तुमी आता फोन नका करत जाऊ," ती म्हणाली. आवाज तिचाही मऊ होता, बापासारखा. "म्हातारा माणूस हाय. घाबरतो."

"ऐकू येत नाही म्हणालात ना?"

"घंटी वाजली की मोबाइल थरथरतो. ते कळतं त्यांना."

मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत. मी फोन करते अजून. कधी कुणी उचलतं, कधी कुणी उचलत नाही.